पायाखालचा सूर

नांदेड-लातूरकडच्या ऑर्केस्ट्रातील गिटारवादकाला पेडल, म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये जोडून पायाने चालू-बंद करायची, आवाजाचा पोत बदलणारी डबी, निवडताना किमतीइतकाच विजेचाही विचार करावा लागतो. कारण साबणाच्या वडीएवढ्या स्वस्त मिनी पेडलांत बहुधा बॅटरीला जागाच नसते, आणि 9 व्होल्टच्या अडॅप्टरची पिन आतून ऋण, बाहेरून धन नसेल तर पेडल मुके राहते, क्वचित जळतेही. बॉस कंपनीचे 1978 सालचे नारिंगी डीएस-1, म्हणजे लहरींची टोके छाटून सूर खरखरीत करणारे डिस्टॉर्शन पेडल, बॅटरीवरही चालते. मात्र गिटारची वायर त्यात खुपसलेलीच राहिली, तर बॅटरी उतरत जाते. पहिली खरेदी अशीच असावी. आवाज मागाहून पुन्हा ऐकवणाऱ्या डिलेची घाई नको, मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली प्रतिध्वनी फुकटच मिळतो.