एकाच तारेने

घरात येणाऱ्या दूरसंचाराच्या तारेला दोन कामे करता येतात. निरोप वाहून आणणे हे पहिले, आणि ज्या उपकरणाला तो निरोप द्यायचा त्याला जागे ठेवण्यापुरती वीज पुरवणे हे दुसरे. ही दोन्ही कामे एकाच तारेवर सोपवावीत की वेगवेगळ्या तारांना वाटून द्यावीत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु १९७०च्या आसपास महाराष्ट्रातील एखाद्या शहरात जन्मलेल्या आणि आज साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाचे सारे आयुष्य या प्रश्नाच्या कडेकडेने गेले आहे, आणि आज तो स्वतःच्या घरात वायफाय नीट बसवू पाहतो तेव्हा त्याच प्रश्नाशी पुन्हा येऊन थांबतो.

त्याच्या बालपणी दूरध्वनीचा अर्ज केल्यावर जोडणी मिळायला वर्षानुवर्षे लागत, आणि मिळाल्यावर तो काळा, तबकडीचा संच दिवाणखान्यात मानाच्या जागी, विणलेल्या रुमालाखाली ठेवला जाई. या संचाला विजेची पिन नव्हती. घरातले दिवे गेले तरी तो चालत असे, कारण त्याला लागणारी वीज दूरध्वनी केंद्रातून, बोलणे वाहणाऱ्या त्याच दोन तारांवरून येत होती. प्रत्येकी २ व्होल्टचे २४ शिसे-आम्ल घट एकामागोमाग एक जोडून केंद्रात साधारण ४८ व्होल्टची बॅटरी उभी केलेली असे, तिचे धन टोक जमिनीला जोडलेले असे, कारण तसे केल्याने ओल्या जमिनीतील तांब्याच्या तारा कमी झिजतात. आणि घंटा वाजवणारा अधिक दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाहही केंद्रच पाठवी. शहरभरातील हजारो संचांची विजेची काळजी एकाच इमारतीत, एकाच ठिकाणी वाहिली जात होती. पावसाळी रात्री सारी गल्ली अंधारात बुडालेली असतानाही डॉक्टरांना फोन लावता येत असे. हा त्या व्यवस्थेचा फार मोठा गुण होता, आणि तो इतका सवयीचा झाला होता की त्याला कोणी गुण म्हणून ओळखलेच नाही.

१९९५च्या ऑगस्टमध्ये भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि पुढे १० वर्षांनी ब्रॉडबँडही याच जोडतारेवरून घरात आले. माणसाचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या आतल्या कंप्रतेत मावतो. त्याहून पुष्कळ वरच्या कंप्रतांवर संगणकाची माहिती पाठवली आणि दाराशी एका लहानशा गाळणीने दोहोंना वेगळे केले, तर फोन आणि इंटरनेट एकमेकांच्या आड येत नाहीत. वीज, आवाज आणि माहिती अशी तिन्ही ओझी तेव्हा तांब्याच्या त्या दोन बारीक तारांनी एकाच वेळी पेलली. मात्र मॉडेमची भूक केंद्राच्या बॅटरीला भागवता येण्याजोगी नव्हती, म्हणून त्याला भिंतीतल्या सॉकेटचा आधार घ्यावा लागला. ती भारनियमनाची वर्षे होती. ठरलेल्या वेळी दिवे जात, मॉडेमचे दिवे विझत, आणि शेजारचा फोन मात्र पूर्वीसारखाच चालू राही; एकाच तारेवरच्या दोन उपकरणांतला हा भेद घराघरात रोज दिसत होता.

तांब्याच्या जागी काचतंतू आला तेव्हा उरलेला धागाही तुटला. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारी जी पेटी घरात बसवली जाते ती, तिच्यामागचा राउटर आणि त्याला जोडलेला फोन हे सारे घरच्याच विजेवर अवलंबून राहतात, आणि दिवे गेले की एकदम मुके होतात. न्यायाने हेही सांगायला हवे की वळवाच्या पावसात आकाशातल्या विजेचा झटका तांब्याच्या तारेवरून आत शिरून मॉडेम जाळीत असे, तो धोका काचेने संपवला, आणि वेग तर अनेक पटींनी वाढवला. तरीही, एकट्याने राहणाऱ्या वृद्धांच्या घरी अंधारातही चालणारा फोन होता आणि आता तो राहिलेला नाही, या हानीची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

घरातील वायफायचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. भारत सरकारने २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याविना वापरण्यास मोकळा केला. पहिल्याची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्याची त्याच्या निम्म्याहून कमी. दुसरा वेगवान असतो, पण भिंतींपुढे लवकर हार खातो. जुन्या घराच्या दगडी भिंती, नव्या घराच्या सळयांनी भरलेल्या स्लॅब, लोखंडी कपाटे आणि पाण्याच्या टाक्या या सर्वांचा संकेताला अडसर होतो. २०२०च्या टाळेबंदीत शाळा आणि कार्यालय एकाच घरात आले, तेव्हा दाराजवळचा एकटा राउटर मागच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही हे अनेकांना पहिल्यांदा जाणवले. यावर खरा उपाय म्हणजे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे राउटरपासून तारेने जोडलेले आणि आपापल्या खोलीत वायफाय देणारे लहान केंद्र. संकेत हवेतूनच उचलून पुढे फेकणारे रिपीटर स्वस्त आणि सोपे असतात, परंतु एकाच लहरीवर ऐकायचे आणि बोलायचे असल्याने त्यांतील साध्या उपकरणांत वेग जवळपास निम्म्यावर येतो.

ॲक्सेस पॉइंटची योग्य जागा छतावर, खोलीच्या मध्याशी असते, आणि तिथे विजेचे सॉकेट सहसा नसते. ही अडचण जिने सोडवली ती पद्धत पॉवर ओव्हर इथरनेट, संक्षेपाने पीओई, या नावाने ओळखली जाते. इथरनेटच्या केबलीत तांब्याच्या पिळलेल्या चार जोड्या असतात, आणि माहिती असते ती जोडीतील दोन तारांच्या दाबातील फरकात. दोन्ही तारांचा दाब सारख्याच प्रमाणात वाढवला तर तो फरक जसाच्या तसा राहतो. म्हणून एक जोडी वरच्या दाबाला आणि दुसरी खालच्या दाबाला ठेवली, की त्या दोन जोड्यांमधून वीज वाहते आणि माहितीला तिची बाधा होत नाही. हा दाब पुन्हा ४८ व्होल्टच्या आसपासचाच आहे. १२ वॅटच्या उपकरणाला १२ व्होल्टवर एक अँपिअर लागतो, ४८ व्होल्टवर पाव अँपिअर पुरतो, आणि तारेतला अपव्यय प्रवाहाच्या वर्गाने बदलत असल्यामुळे तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. याचे पहिले प्रमाण २००३ साली ठरले. त्यात स्विच, म्हणजे सर्व केबली जिथे एकत्र जोडल्या जातात ती पेटी, १५.४ वॅट देतो आणि १०० मीटरच्या केबलीतील घट धरून उपकरणाला १२.९५ वॅटची हमी मिळते. २००९ च्या प्रमाणात स्विचकडून ३० वॅट मिळू लागले. या पद्धतीला चालना मिळाली ती कार्यालयांतील इंटरनेटवर चालणाऱ्या फोनमुळे. जुन्या फोनप्रमाणे त्यांनाही तारेतूनच वीज मिळावी, हीच त्यामागची निकड होती.

या पद्धतीतील सावधपणा विशेष वाखाणण्याजोगा आहे. स्विच एकदम पूर्ण दाब सोडत नाही. आधी १० व्होल्टच्या आतला हलका दाब देऊन पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा ठरलेला रोध आहे का ते तपासतो, आणि ओळख पटल्यावरच वीज देतो. बाजारात पॅसिव्ह पीओई म्हणून मिळणारे, बहुधा २४ व्होल्टचे पुरवठे ही चौकशी करत नाहीत आणि चुकीचे उपकरण लावल्यास ते जाळू शकतात. ते घेऊ नयेत. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबलही स्वस्ताईसाठी खपवली जाते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असल्याने ती तापते आणि टोकाला दाब कमी पडतो.

पीओई स्विच, राउटर आणि काचतंतूची पेटी या तिन्हींना एकत्र ठेवून एका बॅटरीवर घेतले, की घरातील प्रत्येक खोलीचे वायफाय दिवे गेल्यावरही चालू राहते, आणि दूरध्वनी केंद्राची जुनी रीत घराच्या मापाने परत येते. यासाठी मोठा खर्च लागत नाही, मात्र भिंती बंद होण्यापूर्वी विचार करावा लागतो. म्हणून जे कोणी नवे घर बांधत असतील किंवा जुन्याचे वायरिंग बदलत असतील, त्यांनी विजेच्या पाइपापासून अंतर राखून प्रत्येक खोलीच्या छतापर्यंत एक वेगळा पाइप टाकून घ्यावा, त्यात शुद्ध तांब्याची केबल ओढावी, आणि सर्व केबलींची टोके बॅटरी ठेवता येईल अशा एकाच जागी आणावीत.