स्टेंट बसला, हृदयाच्या पुनर्वसनाचे काय?

पुनर्वसन हा शब्द आपल्याला नवा नाही. धरण झाले, झोपडपट्टी हटली की आपण पुनर्वसन मागतो, मोर्चा काढतो. पण हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाचेही पुनर्वसन असते, तो उपचाराचाच भाग आहे, हे आपल्या किती वस्त्यांना ठाऊक आहे?

आम्ही वस्तीत काम करतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अनेकांची अँजिओप्लास्टी झालेली आम्ही पाहिली. गरिबाचा जीव वाचतो, याचे मोल आम्ही जाणतो. पण पुढे? गोळ्यांची चिठ्ठी आणि "आराम करा" एवढेच. आमच्या शेजारचे काका हमाल. घरच्यांनी दीड महिना त्यांना अंथरुणातून उठू दिले नाही. पैसे संपले तसे ते थेट पोत्याखाली गेले आणि चौथ्या दिवशी घेरी येऊन बसले. अंथरूण नाहीतर ओझे! मधला मार्ग त्यांना कुणी दाखवलाच नव्हता.

मधला मार्ग म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम. झटक्यानंतर कित्येक आठवडे झोपवून ठेवण्याची जुनी पद्धत अमेरिकेत लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी १९५२ सालीच मोडायला घेतली. त्यांनी रुग्णांना खुर्चीत बसवले. २०२१ च्या कोक्रेन आढाव्यात ८५ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक रुग्ण होते. निष्कर्ष असा की, व्यायामाधारित पुनर्वसनाने पुन्हा झटका येण्याचे आणि दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण घटते.

काही जण म्हणतील, कष्टकऱ्याला व्यायाम कशाला? हा युक्तिवाद फसवा आहे. श्वास रोखून पोते उचलले की रक्तदाब एकदम चढतो, आणि मुकादम विश्रांती देत नाही. व्यायामात वेग हळूहळू वाढवतात. चालताना बोलता आले पाहिजे, एवढाच जोर. शेवटी वेग हळूहळू कमी करायचा. एकदम थांबले तर रक्त पायांत साचून रक्तदाब पडतो, चक्कर येते. थांबल्यावर काही मिनिटांत वरचा रक्तदाब उतरू लागला पाहिजे. तो रेंगाळला तर डॉक्टरांना सांगायलाच हवे. पण मोजणारच कुणी नसेल तर कळणार कसे?

बायांची गोष्ट आणखी बिकट. घरकामालाच व्यायाम समजून त्यांना चालायलाही सोडत नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. डिस्चार्ज देतानाच व्यायामाचा लेखी आराखडा मागा. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पुनर्वसनाची सोय व्हावी, यासाठी निवेदने द्या. आणि तोवर? विहाराचा हॉल सकाळी रिकामाच असतो. एक रक्तदाबाचे यंत्र, ते वापरायला शिकलेले दोन तरुण, आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन आलेले रुग्ण, एवढ्यावर सुरुवात होते. छातीत दुखले, दम लागला तर तिथेच थांबायचे आणि दवाखाना गाठायचा, हा नियम भिंतीवर लिहा.

जीव वाचवणे ही मेहेरबानी नाही. वाचलेला माणूस पुन्हा उभा राहणे हाही हक्कच आहे.

जयभीम.