फळींतील पांच माणसें

ज्या विषयांत आपणांस कांहींएक गति नाहीं, त्या विषयावर ठाम मत देण्यांत जें सुख आहे, तें विद्वत्तेच्या कोणत्याहि सुखाहून कमी नाहीं, अशी आमची २०२४ च्या उन्हाळ्यांत खात्री झाली.

त्या वर्षीं जून महिन्यांत आम्ही फिलाडेल्फिया शहराजवळ आमच्या पुतण्याकडे राहिलों होतों. सायंकाळीं तो कामावरून परतला, कीं शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, टपालखात्यांतून निवृत्त झालेले, ओसरीवर येऊन बसत. आणि मग दोघांचा जो वाद जुंपे तो दिवस मावळेपर्यंत चाले. विषय एकच : सप्टेंबरांत सुरू होणाऱ्या हंगामांत 'ईगल्स' संघाची पुढची फळी टिकाव धरील कीं नाहीं?

अमेरिकन फुटबॉल हा नांवापुरताच पायांचा खेळ. चेंडू ज्या संघाच्या हातीं असेल त्याच्या अगदीं पुढें पांच धिप्पाड माणसें वांकून उभीं असतात. मध्यें सेंटर, त्याच्या दोन अंगांस दोन गार्ड आणि टोकांस दोन टॅकल. सेंटर आपल्या पायांमधून चेंडू मागें क्वार्टरबॅककडे देतो, आणि मग समोरून तुटून पडणाऱ्यांस कांहीं क्षण थोपवून धरणें हें ह्या पांचांचें काम. पुढें फेकलेला चेंडू झेलण्याची त्यांस सामान्यतः मुभा नाहीं. वृत्तपत्रांतील आंकड्यांच्या रकान्यांतहि त्यांस फारशी जागा नाहीं. प्रतिपक्ष्यास बेकायदा धरून ठेवलें, तर मात्र पंच ध्वनिक्षेपकावरून अपराध्याचा क्रमांक साऱ्या मैदानास ऐकवितो आणि दहा यार्डांचा दंड करतो. हें ऐकून आम्हांस आमच्या कॉलेजांतील कारकुनांची आठवण झाली. त्यांचींहि नांवें प्राचार्यांस गुणपत्रिका चुकते तेव्हांच कळतात!

वादाचें मूळ असें, कीं जेसन केल्सी हा त्या संघाचा सेंटर तेरा हंगाम खेळून मार्चमध्यें निवृत्त झाला होता. २०११ सालीं सहाव्या फेरींत निवडलेला हा गडी इतरांच्या मानानें अंगानें हलका. पण प्रतिपक्ष कसा उभा आहे हें क्षणांत हेरून कोणीं कोणास अडवावयाचें तें सोबत्यांस ओरडून सांगण्यांत त्याचा हातखंडा. त्याच्या जागीं कॅम जर्गेन्स येणार होता. तो २०२३ सालीं उजव्या गार्डच्या जागीं खेळलेला. म्हणजे तो मध्यें सरकतांच ती जागा मोकळी. तिच्यासाठीं ज्यांचीं नांवें निघत त्यांत मेकाय बेक्टन हा एक. न्यूयॉर्कच्या एका संघानें त्यास २०२० सालीं पहिल्याच फेरींत उचललें. परंतु दुखापतींनीं त्याचे जवळजवळ दोन हंगाम गिळले. शिवाय तो मूळचा टॅकल.

"काका, भिंतीचा मधला दगड काढला आणि शेजारचा सैल केला, तर भिंत राहील का?" असें पुतण्या विचारी. शेजारी हंसून म्हणत, "ह्या फळींत आईच्या पोटांतून शिकून आलेला आहे कोण?" डावा टॅकल जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियाचा रग्बी खेळणारा. २०१८ सालीं सातव्या फेरींत, २३३ व्या क्रमांकावर त्याची निवड झाली तेव्हां तो हा खेळ एकदांहि खेळला नव्हता. उजवा टॅकल लेन जॉन्सन तर आरंभीं क्वार्टरबॅक होता. जेफ स्टाउटलंड ह्या शिक्षकानें दोघांसहि घडविलें. तो ह्यांसहि घडवील.

आम्हीं अर्थातच पुतण्याचा पक्ष घेतला. तेरा वर्षांचा अनुभव बाजारांत विकत मिळत नाहीं, असें एक सुभाषितवजा वाक्यहि आम्हीं टाकलें. तेव्हां ते वृद्ध गृहस्थ शांतपणें म्हणाले, "पण हा पोरगा खुद्द केल्सीनेंच पसंत केला आहे. २०२२ सालीं ह्याची निवड झाली त्या दिवशींच त्यानें तसें बोलून दाखविलें होतें. त्याच्याहून तुम्हांस अधिक कळतें काय?"

ह्या प्रश्नानें आम्ही जे गप्प झालों, त्याचें कारण त्या दोघांस ठाऊक नव्हतें. दोनच महिन्यांपूर्वीं आमच्या विभागांतील एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले. काव्याचा पेपर ते पुष्कळ वर्षें शिकवीत. जातांना त्यांनीं, हा पेपर आतां अमुक तरुणाकडे द्या, असें आम्हांस स्पष्ट सांगितलें. तो तरुण तासिकातत्त्वावर काम करणारा. पहिली पदवी शेतकीची, इंग्रजीकडे मागाहून वळलेला. उच्चारांवर त्याच्या गांवचा ठसा. आम्हीं तो पेपर त्यास दिला नाहीं, स्वतःकडे घेतला. कारण म्हणून 'विद्यार्थ्यांचें हित' हे शब्द कागदावर लिहिले.

पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. जर्गेन्स मध्यें व बेक्टन उजव्या गार्डच्या जागीं उभा राहिला, आणि त्या फळीच्या मागून सॅक्वॉन बार्कली एका हंगामांत २,००५ यार्ड धांवला. २६ जानेवारी २०२५ रोजीं वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यांत पाठीच्या दुखण्यामुळें जर्गेन्सला बसविलें होतें. डावा गार्ड लँडन डिकरसन मध्यें आला. परंतु मध्यंतरापर्यंत त्याचा गुडघा गेला. तेव्हां तोच जर्गेन्स दुखरी पाठ घेऊन उतरला आणि अखेरपर्यंत उभा राहिला. ५५-२३ असा जय मिळाला. ९ फेब्रुवारीस न्यू ऑर्लिन्स येथें कॅन्सस सिटीवर ४०-२२ अशी मात करून संघानें अजिंक्यपद घेतलें. आमच्याकडे सोमवारची सकाळ होती. पुतण्याचा दूरध्वनि आला : "काका, संघ जिंकला, आपण मात्र हरलों!"

एका उदाहरणानें सिद्धांत ठरत नाहीं, हें आम्ही वर्गांत नेहमीं सांगतों. फळी कोसळली असती तर आम्हीच आमच्या दूरदृष्टीची वाखाणणी केली असती. शिवाय पुतण्याच्या शंका कांहीं मूर्खपणाच्या नव्हत्या. आम्हांस बोंचलें तें निराळेंच. ओसरीवरील आमचें मत चुकीचें असलें तरी निःस्वार्थी होतें. कॉलेजांतील मताविषयीं तसें म्हणतां येत नव्हतें. त्या पेपरावर आमचा कित्येक वर्षें डोळा होता. तो तरुण कच्चा आहे असें आम्हांस वाटलें, कारण तसें वाटणें आम्हांस सोयीचें होतें. त्याचा एकहि तास आम्हीं कधीं ऐकला नव्हता.

जून २०२५ मध्यें आम्हीं तो पेपर त्याच्या हवालीं केला. "सर, सगळाच?" एवढेंच त्यानें विचारलें. आम्हीं सगळाच म्हणून सांगितलें. मागील वर्षाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाहीं, आणि तो काढावयास हवा होता हें आम्हांस कळतें. एकदां तो एका कवितेच्या अर्थाविषयीं विचारावयास आला. आम्हांस ठाऊक होतें तें सांगितलें. त्यानें तें टिपून घेतलें, आणि आमच्या निवृत्त सहकाऱ्यांचा अर्थ ह्याहून वेगळा होता, असेंहि नम्रपणें सांगितलें.

त्याचा तास कसा होतो हें पाहावयास आम्ही अद्याप गेलों नाहीं. आतां गेलों तर तो परीक्षा समजेल. त्याच्या वर्गावरून जातांना पावलें जराशीं मंदावतात, एवढें मात्र कबूल करतों.