फोबजिखाचे क्रौंच

पाठीवर पिशव्या बांधून आम्ही भूतानातील फोबजिखा खोऱ्यात उतरलो, ते काळ्या मानेच्या क्रौंचांसाठी. सुमारे ३,००० मीटर उंचीवरील या दलदलीत दर हिवाळ्यात ते तिबेटच्या पठारावरून येतात. त्यांची तुतारीसारखी साद खोरेभर घुमत होती. वर पाहिले तर आकाशात तारांचे जाळे नाही! उडत्या क्रौंचांना इजा होऊ नये म्हणून २०११ साली येथे वीज आणली गेली ती जमिनीखालून. तोवर गावकऱ्यांनी तिच्यावाचून दिवस काढले. क्रौंचवधाच्या शोकातून आपले आदिकाव्य जन्मले असे आपण मानतो. तो शोक घडूच नये म्हणून येथे माणसे थांबली. ही करुणा आम्हांस काव्याहून उणी वाटली नाही.