घोरपडीच्या भिंतीआड

एरंडोलहून पुण्याला जायचं म्हटलं की आपला बेत ठरलेला असतो. एस.टी.नं जळगाव गाठायचं, संध्याकाळची महाराष्ट्र एक्सप्रेस धरायची आणि पहाटे पुण्यात उतरायचं. मग दगडूशेठ, तुळशीबाग, सारसबाग, आणि परतताना बाकरवडीचे पुडे. दौंडकडून येणारी ही गाडी पुणे स्टेशनाच्या अलीकडे घोरपडी ओलांडते. पण तेव्हा आपण पिशव्या मोजण्यात आणि मुलांना उठवण्यात गुंतलेल्या. खिडकीबाहेर कोण बघतंय!

यंदा मात्र मी मुद्दाम घोरपडीला गेले. शेजारच्या वहिनींचा मुलगा अकरा वर्षांचा. शाळेच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की पुण्याला मिलिटरीची खेळाची शाळा आहे, पोराला तिथं घाला, जन्माचं कल्याण होईल. त्याचे वडील लगेच तयार. वहिनी मला म्हणाल्या, "तू भावाकडे चाललीच आहेस, तर डोळ्यांनी बघून ये गं माय."

घोरपडी म्हणजे अर्धी लष्कराची, अर्धी रेल्वेची. डिझेल इंजिनांची मोठी शेड इथंच, जुनी चर्चेस इथंच, आणि रेल्वे फाटकापाशी ताटकळणं तर इथल्या लोकांच्या हाडीमांसी खिळलेलं! जवळच कोरेगाव पार्क. तिथली हॉटेलं नि बंगले बघितले की वाटतं हे दुसरंच गाव. आणि या दोहोंच्या शेजारी ती लांबच लांब लष्करी भिंत. आत आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, त्यामुळे मी आपली बाहेरूनच हिंडले. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "पोरं दिसत नाहीत बाई फारशी. पहाटे शिट्टी तेवढी ऐकू येते."

ही संस्था २००१ साली सुरू झाली. ऑलिंपिकमध्ये सैन्याच्या खेळाडूंनी पदकं आणावीत हा हेतू. तिरंदाजी, मैदानी खेळ, मुष्टियुद्ध, कुस्ती, वेटलिफ्टिंग, तलवारबाजी आणि पाण्यात सूर मारणं हे तिथले मुख्य खेळ. २०२१ साली टोकियोला नीरज चोप्रानं ८७.५८ मीटर भाला फेकून सोनं आणलं, त्याच महिन्यात इथल्या मैदानाला त्याचं नाव दिलं गेलं. तो स्वतः सैन्यातला सुभेदार होता तेव्हा.

पण वहिनींच्या कामाची गोष्ट वेगळी. इथं लहान मुलांची एक तुकडी असते, बॉईज स्पोर्ट्स कंपनी. साधारण आठ ते चौदा वर्षांची मुलं चाचणी घेऊन निवडतात. उंची, वजन, धावणं, उड्या सगळं बघतात. राहणं, जेवण, कपडे, औषधपाणी आणि दहावीपर्यंतची शाळा, सगळा खर्च सैन्याचा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, रहिवासी दाखला लागतो. अंगावर कायमचं गोंदण नको. (आपल्याकडे जत्रेत हौसेनं हातावर नाव गोंदवून आणतात, त्यांनी आधीच सावध व्हावं!) मुलगा साडेसतरा वर्षांचा झाला आणि कसोटीला उतरला, की सैन्यात भरती.

मिझोरमचा जेरेमी लालरिनुंगा असाच आठ-नऊ वर्षांचा असताना निवडला गेला आणि घरापासून इतक्या लांब पुण्याला येऊन राहिला. २०१८ मध्ये युवा ऑलिंपिकचं सोनं, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेचं सोनं. वाचताना ऊर भरून येतो. पण आठ-नऊ वर्षांचा म्हणजे आपल्या घरात अजून वरणभात कालवून मागणारा, हेही मनात येतंच.

दुसरी वाटही आहे, तीही सांगते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीपर्यंत घरी शिकला, मग महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, आणि पळण्याकडे वळला तो त्यानंतर. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सोनं त्यानं आणलं. तेव्हा अकराव्या वर्षी घर सोडलं नाही म्हणून सगळं संपलं, असं मुळीच नाही.

माझं मत विचाराल तर पोराला स्वतःला हौस असेल तर पाठवावं, बापाच्या हौसेखातर नको. पदक शंभरात एखाद्यालाच मिळणार. उरलेल्यांना नोकरी मिळते, आणि कोरडवाहू कापसावरच्या घराला नोकरी म्हणजे काय ते आपल्याला कुणी सांगायला नको. मात्र २०२२ पासून जवानांच्या भरतीत चार वर्षांची अग्निवीर पद्धत आली आहे. म्हणून कागदावर सही करण्याआधी मुलगा कोणत्या पदावर लागणार, दुखापत झाली तर पुढं काय, सुटीला घरी कधी येणार, हे तिथल्या अधिकाऱ्यांना स्पष्ट विचारावं. यात लाजायचं काही नाही. सही आईचीही असते.

वहिनींना हे सगळं सांगितलं. एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती शेवटी सांगितली, की आता सैन्यानं मुलींच्याही क्रीडा तुकड्या काढल्या आहेत. त्या गप्पच झाल्या. त्यांची धाकटी सात वर्षांची आहे, आणि ती दादापेक्षा जोरात पळते.