त्याच्याशीच भांड

सातारा

प्रिय पोरी,


जावईबापू गेल्यापासून देव्हाऱ्यासमोर बसवत नाही, बसलं की तोंडात भांडणच येतं, असं तू फोनवर म्हणालीस. शेजारी तुझ्या सासूबाई होत्या, म्हणून मी जास्त बोलले नाही. देवाशी भांड, पोरी. पण त्याच्याशीच भांड. अबोला धरू नकोस.

आमच्या साताऱ्यात समर्थ म्हटलं की सज्जनगड, मारुती आणि जोर-बैठका. चाफळ, मसूर, उंब्रज, तुमच्याकडे बहे आणि शिराळा, गावोगाव त्यांनी मारुती बसवले. इतका खंबीर माणूस, आणि आजोळी दिवेलागणीला आपण म्हणायचो ती करुणाष्टकं त्यांचीच! तेव्हा सगळं लक्ष जेवणाच्या पानाकडे. आता म्हणताना कळतं, मन आवरत नाही, तुझ्यावाचून कुणी नाही, लवकर ये, असा समर्थांनी रामापुढे टाहो फोडलाय. बळाची उपासना शिकवणाऱ्याला रडण्याचा संकोच वाटला नाही. जनाबाई तर नामदेवांच्या घरची दासी. तिने विठ्ठलाला शिव्या घातल्या, आणि वारकऱ्यांनी त्या अभंगांसकट तिला आपलं मानलं.

भेटायला येणारे तुला तुकोबा ऐकवतील. १६३० च्या दुष्काळात त्यांचा धंदा बुडाला, बायको अन्नावाचून गेली, आणि पुढे हे बरंच झालं असं ते देवाला म्हणाले. खरं आहे. पण ते स्वतःच्या दुःखाबद्दल म्हणाले, तेही पुरतं भोगून झाल्यावर. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून ‘देवाची इच्छा’ म्हणण्याचा हक्क त्यातून कुणालाही मिळत नाही. मला ते ऐकवत नाही.

तुला स्तोत्र म्हणवत नसेल तर राहू दे. गाडीचे हप्ते थकलेत, धाकटा रात्री दचकून उठतो, चहाला अजून दोन कप पाणी ठेवलं जातं, हे सांग त्याला. का नेलंस, हेही विचार. उत्तर मिळेल असं मी म्हणत नाही. तुझे काका गेले तेव्हा मलाही मिळालं नव्हतं. मी बोलत मात्र राहिले, म्हणून आज मला तुला हे लिहिता येतंय.

सोमवारी सकाळच्या एसटीने येते. वारसाचे कागद आणि पासबुक काढून ठेव, बँकेत दोघी जाऊ. माझ्यासाठी वेगळं काही रांधू नकोस.

तुझी,
मावशी