भांडं थोडं कलतं करा

“भूक लगेगी तो खा लेगा.” घरातलं मांजर ताटलीकडे पाठ फिरवून बसलं की कुणीतरी वडीलधारं माणूस हे वाक्य म्हणतंच. हट्टी मुलांच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरंही ठरतं. मांजराच्या बाबतीत मात्र ते धोक्याचं आहे. मांजर नावडतं खाण्यापेक्षा उपाशी राहणं पसंत करू शकतं. आणि काही दिवस असं उपाशी राहिलं तर शरीरातली चरबी यकृतात साचू लागते, यकृत बिघडतं, प्रसंगी जीवही जातो. लठ्ठ मांजरांना हा धोका अधिक. म्हणून मोठ्या झालेल्या, नखरेल मांजराचं खाणं बदलायचं असेल तर उपासमार हा मार्गच नाही.

आमच्या नवाबमुळे हा विषय मला नीट शिकावा लागला. नवाब हा सहा वर्षांचा बोका. नसबंदी झालेला, वजन सव्वापाच किलो, मुक्काम आमच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. लहानपणापासून दुकानातले कोरडे दाणे हेच त्याचं जेवण, त्यातही एकाच चवीचे. घरात मासळी साफ होत असली की इमारतीतली मांजरं जिन्यात गोळा व्हायची आणि आमचे नवाबसाहेब दिवाणाखाली घोरत पडलेले असायचे.

गेल्या उन्हाळ्यात तो सारखा लिटरच्या ट्रेमध्ये जाऊन बसू लागला. जोर करायचा, थेंबभर लघवी व्हायची, पुन्हा जाऊन बसायचा. त्याच दिवशी आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात गाळ किंवा खडे अडकून लघवी पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत प्राणावर बेततं. नवाबचा मार्ग पूर्ण बंद झाला नव्हता, अल्हम्दुलिल्लाह. औषधं झाली. निघताना डॉक्टर म्हणाले, “याच्या पोटात पाणी जास्त जायला हवं. हळूहळू ओल्या खाण्यावर आणा.”

पाण्याची भरलेली वाटी समोर असताना मांजर पुरेसं पाणी का पीत नाही? उत्तर त्याच्या कुळात आहे. आपल्या घरची मांजरं कोरड्या प्रदेशातल्या रानमांजराची वंशज. त्या मांजराला पाणी मिळायचं ते मुख्यतः शिकारीच्या मांसातून. म्हणून मांजराला तहान कमी लागते आणि त्याची लघवी घट्ट असते. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास, तर पाऊचमधल्या ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के. म्हणजे ओलं खाणं हे मांजराला न कळत पाजलेलं पाणीच.

पण सहा वर्षं कुरकुरीत दाणे खाल्लेल्या जिवाला हे पटवायचं कसं? मांजराला लहानपणी जे तोंडाला लागतं तेच त्याच्या लेखी अन्न. बाकी सारं संशयास्पद. पहिल्या दिवशी मी एका बशीत चमचाभर ओलं खाणं ठेवलं. नवाबने वास घेतला आणि पंजाने फरशी खरवडू लागला, लिटरमध्ये घाण झाकतात तशी. मुलगी पोट धरून हसली. सासूबाई म्हणाल्या, “देखो, दफना रहा है!”

बी.एड.ला आम्हाला एक सूत्र शिकवलं होतं : ज्ञाताकडून अज्ञाताकडे. मुलाला जे येतं तिथून सुरुवात करा आणि एका वेळी एकच पायरी चढवा. वर्गात ते वीस वर्षं वापरत आले, मांजरावर पहिल्यांदाच वापरलं.

पहिली पायरी वेळेची. दिवसभर भरलेली दाण्यांची वाटी उचलली आणि तीन वेळा ठरवल्या : फजरनंतर, दुपारी शाळेतून आल्यावर आणि इशानंतर. दाण्यांचं एकूण माप तेच ठेवलं, फक्त वेळा बांधल्या. त्यामुळे जेवणाच्या वेळी त्याला खरीखुरी भूक असायची, पण उपाशी तो कधीच राहिला नाही.

दुसरी पायरी ओळखीची. दाण्यांच्या ताटलीशेजारी, तिला न चिकटता, अर्धा चमचा ओलं खाणं वेगळ्या बशीत. खाल्लंच पाहिजे असं काही नाही. वास ओळखीचा झाला तरी पुरे. अर्ध्या तासाने बशी उचलायची, कारण आपल्याकडच्या उकाड्यात असं अन्न लवकर खराब होतं. पाच दिवस त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सहाव्या दिवशी एकदा जीभ लावली आणि तोंड वळवलं. आम्ही तिघी स्वयंपाकघराच्या दारातून श्वास रोखून बघत होतो.

तिसरी पायरी उबेची. मांजराला गोड चव कळतच नाही; त्याचा सारा भरवसा वासावर. फ्रीजमधून काढलेल्या थंडगार खाण्याला वास नसतो. उघडलेल्या पाऊचमधला भाग एका वाटीत घेऊन ती वाटी कोमट पाण्यात ठेवायची. ताज्या शिकारीइतकं, म्हणजे अंगाच्या उबेइतकं कोमट झालं की पुरे. जेली, रस्सा आणि वाटून गुळगुळीत केलेलं, असे तीन प्रकार आणून पाहिले. नवाबला रस्सा आवडला. मग त्याच रश्शावर त्याचेच दाणे कुटून भुरभुरवले. वरचा भुगा खाता खाता खालचा रस्सा जिभेला लागू लागला.

यानंतर ओल्याचं माप दर तीन-चार दिवसांनी थोडं थोडं वाढवत नेलं. पुस्तकी हिशोबाने अन्न बदलायला आठ-दहा दिवस लागतात. नवाबला सहा आठवडे लागले. मधे एकदा दुसऱ्या चवीचं पाऊच उघडलं तर त्याने अख्खं जेवण सोडलं. पुढच्या जेवणाला आम्ही एक पायरी खाली उतरलो. डॉक्टरांनी सांगितलेली हद्द पक्की होती : पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही, तर फोन करायचा. दर जुम्म्याला वजनही व्हायचं. मुलगी त्याला उचलून काट्यावर उभी राहायची आणि मग स्वतःचं वजन वजा करायची.

या काळात दोन गोष्टी आम्ही कटाक्षाने टाळल्या. बोटाने घास तोंडात कोंबणं आणि नव्या खाण्यात औषध लपवणं. दोन्हीमुळे मांजर त्या वासालाच कायमचं धसकतं.

सासूबाईंचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या म्हणाल्या, “माणसाला दोन वेळचं मिळत नाही, आणि बिल्लीसाठी वाट्या कोमट करतेस? आमच्या गावाकडे मांजराला कोण वाढायचं?” खरं आहे. त्यांच्या गावच्या मांजराला उंदीर होते, मासळीची आतडी होती, सारी वाडी मोकळी होती. नवाबच्या गॅलरीला आम्ही जाळी लावली आहे. त्याच्याच सुरक्षेसाठी, पण जाळी ती जाळीच.

मी त्यांना बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली त्या स्त्रीची हदीस आठवून दिली, जिला एका मांजरापायी शिक्षा झाली. तिने मांजर कोंडलं होतं. त्याला खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला सोडलंही नाही. ज्याचं दार आपण बंद केलं, त्याच्या पोटाचा प्रश्न आपला होतो. नवाब बाहेर जाऊन आपल्या तब्येतीला मानवेल ते शोधू शकत नाही. त्याच्यासाठी शोधणारे आपणच.

सासूबाई काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनीच दुसरी हदीस सांगितली, अबू दाऊद आणि तिरमिजीमधली. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी त्यांच्या सुनेने वुजूचं पाणी ठेवलं होतं. एक मांजर प्यायला आलं, तर त्यांनी त्याच्यासाठी भांडं कलतं केलं आणि ते पिऊन होईपर्यंत तसंच धरलं. सून नवलाने बघत राहिली, तेव्हा त्यांनी सांगितलं की, मांजर नापाक नाही, ते तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे, असं प्रेषित (स.) यांनी म्हटलं आहे. दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी स्वयंपाकघरात गेले तर पाणी कोमट करून ठेवलेलं होतं.

आता नवाब दोन वेळा ओलं खातो, रात्री मूठभर दाणे. लिटरमधले गोळे आधीपेक्षा मोठे निघतात. लघवी भरपूर होत असल्याची ती खूण, आणि आमच्या घरात सध्या तीच सर्वांत आनंदाची बातमी असते.

पाऊच महाग पडतात, हे खरं. त्याला जोड म्हणून मीठ-मसाला न घालता उकडलेली कोंबडी आणि तिचं पाणी चालतं, पण निव्वळ त्यावर मांजराला ठेवू नये. त्याला लागणारे सगळे घटक त्यात नसतात. कालवणातला तुकडा तर नकोच, कांदा-लसूण मांजराला विषासारखा. शिजवलेली हाडंही नकोत. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. लघवीचा त्रास असलेल्या मांजराला कोणतं खाणं द्यायचं, हे आधी डॉक्टरांना विचारा.

आणि त्याने पहिल्या दिवशी बशी नाकारली तर रागावू नका. भांडं थोडं आणखी कलतं करायचं, आणि पिऊन होईपर्यंत धरून ठेवायचं.